माझं झाड दमलंय

भुताच्या कादंबरीची प्रुफं तपासताना भीती नाही का वाटत, असं शेजारणीने विचारलं, तेव्हा मी म्हटलं, मला फक्त ऱ्हस्व-दीर्घाची भीती वाटते. पुस्तक छापून हातात आल्यावर पहिल्याच पानावर चुकीची वेलांटी ज्याने पाहिली आहे, त्याला सैतान काय घाबरवणार? शेजारीण हसली आणि कोथिंबिरीची जुडी घेऊन गेली. मी तिला खरं सांगितलं नव्हतं. ती कादंबरी वाचताना मला भीती वाटत होतीच, पण भुताची नाही.

तीसेक वर्षं मी हे काम करते आहे. सदाशिव पेठेतल्या एका प्रकाशकांकडून कागदांचा गठ्ठा आणायचा, बिबवेवाडीला घरी बसून तपासायचा, लाल शाईने खुणा करायच्या आणि परत नेऊन द्यायचा. आता सगळं जग हे काम पडद्यावर करतं. पण आमचे प्रकाशकही हट्टी आणि मीही हट्टी, म्हणून आमचं अजून कागदावर चालतं. "पडद्यावर चुका दिसत नाहीत, फक्त डोळे जातात," असं ते म्हणतात. या माणसाने आयुष्यात कधी सरळ वाक्यात काही सांगितलेलं मी ऐकलेलं नाही.

जुन्या छापखान्यांत प्रुफं दोघांनी तपासायची पद्धत होती. एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट, आणि दुसऱ्याने प्रुफावर नजर ठेवायची. एकटीने काम करायला लागल्यावर मी ती पद्धत सोडून दिली होती. गेल्या वर्षी माझ्याच डोळ्यांनी कुरकुर सुरू केली आणि मला वाचणारं माणूस शोधावं लागलं. ते घरातच निघालं. आईच्या दोन्ही डोळ्यांतले मोतीबिंदू काढलेले आहेत. सत्याहत्तराव्या वर्षी तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं, आणि हे ती दिवसातून एकदा तरी मला ऐकवते.

आई सातवी शिकलेली. हडपसरच्या पलीकडच्या एका गावातली, शेतकऱ्याची मुलगी. ते गाव आता महापालिकेत आलंय, पण आईची बोली काही महापालिकेत आली नाही. वाचताना मात्र ती छापील मराठीच वाचते, पोथीच्या चालीत, एकाच सुरात, आणि मध्ये मध्ये स्वतःचं मत घालते. तिने मला पाककृतींचं पुस्तक वाचून दाखवलंय, शेअरबाजाराचं वाचून दाखवलंय, एका पुढाऱ्याचं आत्मचरित्र वाचून दाखवलंय. त्या आत्मचरित्रात एकदा ती त्याच चालीत म्हणाली, "ह्यो मानूस सोताला लई शाना समजतोय, पूर्णविराम," आणि मी ते वाक्य पाच मिनिटं प्रुफात शोधत बसले.

तर दिवाळीनंतर हा नवा गठ्ठा आला. परदेशी कादंबरीचा मराठी अनुवाद. समुद्रकाठचं गाव, तिथली पाव भाजणारी एक बाई, तिचा नवरा, सासू, दीर. एक दिवस बाईच्या शरीरात सैतान शिरतो. ती घरातल्यांची गुपितं बोलायला लागते, भांडी फेकते, नवऱ्याला नावं ठेवते. मग एका पाद्र्याला बोलावतात. त्याची स्वतःचीच देवावरची श्रद्धा उडालेली आहे, आणि हे त्याने कुणाला सांगितलेलं नाही. तीनशे पानं पाद्री आणि सैतानाचं युद्ध चालतं. प्रकाशकांनी गठ्ठा पुढे सरकवत सांगितलं होतं, "चांगली आहे. भूत शुद्ध मराठी बोलतं, तुम्हाला त्रास नाही."

हा गठ्ठा आईच्या हातात द्यायला मी आठ दिवस लावले. कारण अंगात येणं हा विषय आमच्या घरात सदतीस वर्षं कुणी काढलेला नव्हता.

मी लहान असताना आईच्या अंगात यायचं. मंगळवारी, संध्याकाळची आरती झाली की. तेव्हा याच जागेवर आमच्या दोन बैठ्या खोल्या होत्या आणि पुढे थोडं अंगण. आरतीचं ताट खाली ठेवता ठेवता आईचा श्वास लांब व्हायचा, अंबाडा सुटायचा, ती घुमायला लागायची. वडील घाईने पाट मांडायचे. गल्लीतल्या बायका तयारच असायच्या. कुणीतरी एक जाणती बाई पुढे होऊन हळदकुंकू लावायची आणि विचारायची, "कोण हाय? काय पायजे तुला?" हा प्रश्न पहिला. तो विचारल्याशिवाय पुढचं काही नाही.

मग देवी बोलायची. आईचाच आवाज, पण पोटातून आलेला, मोठा, कुणाला न भिणारा. बायका आपापलं गाऱ्हाणं घालायच्या. मुलीचं जमत नाही, मुलगा घरी पैसे देत नाही, कानातलं हरवलंय. देवीची उत्तरं अगदी व्यवहारी असायची. "तांदळाच्या डब्यात बघ," म्हणायची, आणि कानातलं तांदळाच्या डब्यातच असायचं. गल्लीतली कुठली बाई काय कुठे लपवते हे आईलाही माहीत होतंच, पण तेव्हा असा विचार कुणी केला नाही. मी तर नाहीच नाही.

सगळ्यांचं झालं की देवी घरच्यांकडे वळायची. मी त्याचीच वाट बघत असायचे.

ज्याच्या अंगात देव येतो, त्या माणसाला आमच्याकडे झाड म्हणतात. देवाचं वारं आणि माणसाचं झाड. वारं आलं की झाड हलतं, वारं गेलं की आपलं उभं. देवी आईचं नाव कधी घ्यायची नाही. ती म्हणायची, "माझं झाड दमलंय. सकाळधरनं उभं हाय. कुणी बस म्हनालं का त्याला?" मग परत, "माझ्या झाडाचं गुडघं सुजल्यात. कुणाला दिसलं का?" आणि मग वडिलांकडे बोट करून, "काय रे, दोन भाऊ आणून ठिवलेस घरात. त्येंची धुनी कोन धुतंय? माझं झाड धुतंय."

आई वडिलांना अहोच म्हणायची. त्यांच्या ताटाकडे न बघता वाढायची. आणि मंगळवारी त्याच वडिलांना भर गल्लीत "काय रे." वडील कंपनीत फिटर होते, अंगाने दांडगे. ते हात जोडून म्हणायचे, "चुकलं आईसाहेब. नाही होणार परत." बुधवारी सकाळी दोन्ही काका आपापले कपडे घेऊन नळावर. हा परिणाम साधारण शुक्रवारपर्यंत टिकायचा.

सगळ्यात शेवटी मी. देवी मला जवळ ओढायची, माझं तोंड दोन्ही हातांत धरायची आणि सगळ्यांना सांगायची, "ही माझ्या झाडाची लेक. हिला शिकवायची. हिला चुलीला लावाल तर माझ्याशी गाठ हाय." तिचे हात गरम असायचे, तळव्यांना कापराचा वास. इतर सहा दिवस आई मला फक्त वेणी घालताना हात लावायची, आणि तोही "मान हलवू नकोस" असं म्हणत. माझ्या दोन्ही चुलत आत्यांची लग्नं सोळाव्या वर्षी झाली. माझं नाही झालं, कारण वडील देवीला घाबरत होते. मी कॉलेजात गेले ती देवीच्या शब्दावर गेले. हे मला तेव्हाही कळत होतं.

घुमणं थांबलं की आई खाली बसायची, चेहऱ्यावर पाणी मारायची आणि पदर सावरत दरवेळी एकच विचारायची, "काय झालं? काय बोलले मी?" वडील शब्दन् शब्द सांगायचे. त्यांनी त्यातला त्यांच्यावरचा राग कधी गाळला नाही, एवढं त्यांचं मोठेपण मान्य करायला हवं. आई ऐकून तोंडावर हात ठेवायची. "अगं बया. यांस्नी असं बोलले?" आणि उठून भाकरी थापायला जायची.

मी एकोणीस वर्षांची असताना, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला, माझ्या वर्गातल्या दोन मुली वह्या घ्यायला अचानक घरी आल्या. दोघी पेठेतल्या. त्यांच्या संगतीत माझ्या "हाय"चं "आहे" व्हायला एक सत्रसुद्धा लागलं नव्हतं. त्या आल्या तो मंगळवार होता. आई अंगणात घुमत होती, केस मोकळे, कपाळभर कुंकू. एक मुलगी तोंडावर रुमाल धरून हसली. दुसरी, जी चांगली होती, तिने हळूच विचारलं, "काकूंना बरं नाहीये का?" मी म्हटलं, "हो, आजारी आहे. वह्या उद्या देते." त्या सायकली वळवून गेल्या आणि मी आत आले.

देवीने सगळं बघितलं होतं. तिने मला जवळ ओढलं नाही. लांबूनच विचारलं, "लाज वाटली व्हय गं तुला माझ्या झाडाची?"

मी म्हटलं, "हो."

स्वच्छ, स्पष्ट, पेठेतल्यासारखं. वडील माझ्याकडे बघत राहिले. देवीने स्वतःच्या हाताने केस गोळा केले, गाठ मारली आणि खाली बसली. आईने पाणी मारलं, पदर सावरला, नेहमीसारखं विचारलं, "काय झालं? काय बोलले मी?" आणि वडील, ज्यांनी कधी एक शब्द गाळला नव्हता, ते म्हणाले, "काही विशेष नाही. तू पड जरा."

पुढच्या मंगळवारी देवी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. बायका तीन मंगळवार येऊन बसल्या आणि चौथ्यापासून यायच्या बंद झाल्या. ना मांत्रिक लागला, ना डॉक्टर. माझं एक अक्षर पुरलं.

त्यानंतर आमच्या घरात आई दमली आहे असं कुणीही कधीही म्हटलं नाही. आई तर नाहीच. काकांचे कपडे धुतले गेले, काकांची लग्नं झाली, काकवांची बाळंतपणं झाली, वडिलांचं दुखणं तीन वर्षं चाललं आणि ते गेले. आई सगळ्याला "हं" म्हणत राहिली. मी तिच्याजवळ राहिले, तिला दवाखान्यात नेलं, चांगल्या चपला आणल्या. पण तिच्या पोटातला तो आवाज मला परत ऐकू आला नाही. मी देव मानत नाही. कॉलेजात मानत नव्हते, आताही मानत नाही. तरी नवरात्रात कुठे बायका घुमताना दिसल्या की मी पिशवी हातात धरून उभी राहते, घरी जायला उशीर होतो. मला देवी नको असते. मला ती बाई हवी असते, जी माझं तोंड हातात धरून माझ्या बापाला दम द्यायची.

एवढ्या वर्षांत मी एकाच गोष्टीच्या आधारावर राहिले. मी "हो" म्हटलं ते देवीला. आईला काहीच आठवत नसे, आणि त्या दिवशी वडिलांनी तिला काही सांगितलं नाही. म्हणजे आपल्या मुलीला आपली लाज वाटली हे आईला माहीतच नाही. वडील जाताना ते बरोबर घेऊन गेले. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलं होतं की त्यात व्याकरणाची एकही चूक उरली नव्हती.

म्हणून मला गठ्ठा द्यायला आठ दिवस लागले. शेवटी प्रकाशकांचा फोन आला, "भुताने गिळली का प्रुफं?" आणि मी दुपारी चहानंतर आईसमोर कागद ठेवले.

तिने पहिली चार प्रकरणं शांतपणे वाचली. सैतान बाईच्या अंगात शिरला तेही वाचलं. "बाई किंचाळली, स्वल्पविराम, मी हिला सोडणार नाही, उद्गारचिन्ह." आमच्या सोसायटीत खाली भंगारवाला ओरडत होता आणि वर आई सैतानाचे संवाद पोथीच्या चालीत म्हणत होती. मी प्रुफावरून नजर काढायची नाही असं ठरवलं होतं. पाचव्या प्रकरणात सैतान म्हणतो, "हे पात्र आता माझे आहे." आई थांबली.

"कुठलं पात्र? भांडं का?"

"नाही गं. त्या बाईच्या शरीराला म्हणतोय तो. ज्यात तो शिरलाय ते."

"हां," आई म्हणाली. "मग झाड म्हन की." आणि पुढचं वाक्य वाचायला लागली.

सदतीस वर्षांनी तो शब्द घरात आला होता आणि तिने तो मीठ मागितल्यासारखा उच्चारला. माझ्या पेनाची शाई प्रुफावर पसरली. मी सावरून समासात लिहिलं, "झाड?" मुद्रितशोधकाने शब्द बदलायचा नसतो, शंका काढायची असते. मग मी आणखी शंका काढल्या. अनुवादकाने सगळीकडे सैतान "अंगात आला" असं लिहिलं होतं. मी प्रत्येक ठिकाणी खूण केली आणि समासात लिहिलं, "देव अंगात येतो. भूत झपाटतं, धरतं, पछाडतं."

दोन दिवसांनी अनुवादकाचा फोन आला. मुलगा खराडीला कुठल्याशा कंपनीत आहे, शनिवार-रविवार अनुवाद करतो. आवाजावरून गुणी वाटला. "मॅम, हे झाड म्हणजे? ओरिजिनलमध्ये व्हेसल आहे. झाड कुठेच नाहीये त्या सीनमध्ये. मी दोनदा चेक केलं."

मी त्याला समजावून सांगितलं. तो "ओके, ओके, इंटरेस्टिंग" म्हणत राहिला. मग म्हणाला, "पण मॅम, एक डाउट आहे. देव असो की भूत, बाहेरचं कुणीतरी आतच येतं ना? मग वर्ड वेगळा का?"

ती बाई काय बोलते हे तर दोन्हीकडे सारखंच होतं. कादंबरीतल्या बाईनेही सासूला सांगितलं होतं की सगळ्यांच्या आधी उठून ती एकटीच भट्टी पेटवते. तिच्या घरच्यांनी खोलीला कुलूप लावलं आणि आमच्या घरच्यांनी पाट मांडला. मी त्या मुलाला म्हटलं, "शब्द घरचे लोक ठरवतात." त्याला ते बहुधा कळलं नाही. मलाही तेव्हा अर्धवटच कळलं होतं.

झाडाचा निकाल प्रकाशकांनी लावला. "अंगात येणं काढा, तुमचं बरोबर आहे. पण कादंबरी परदेशातली आहे. झाडं तिकडचीच राहू द्या."

काम पुढे चालू राहिलं. आईला कादंबरी आवडायला लागली होती. म्हणजे तिला तिच्यावर टीका करायला आवडायला लागलं होतं. जेवतानाही तिचं तेच चालायचं. "त्यो पाद्री लई वरडतो. नुसतं जा जा जा. अरे, पर आधी इचार की. कोन हायेस, काय पायजे. आपल्यात आधी इचारत्यात. काय पायजे ते कळल्याबिगर जाईल कसं कुनी?" मी म्हटलं, "त्यांच्यात तसं नसतं. तो सैतान आहे, त्याचं ऐकायचंच नसतं." आई म्हणाली, "सैतानाचं नका ऐकू. बाईचं तरी ऐका. तीनशे पानात त्या बाईला कुनी एकदा पानी इचारलं न्हाय."

मी वाचक म्हणून त्या कादंबरीवर खूश होते, हे मला सांगायला हवं. पाद्र्याची गोष्ट चांगली लिहिली होती. देव नाही असं वाटणारा माणूस रोज देवाचं नाव घेऊन त्या खोलीत शिरतो, आणि एक दिवस त्याला त्या नावाचा अर्थ परत सापडतो. त्या पानांवर मी खुणा करायची विसरले. मला त्याचा हेवा वाटला. जे आपण घालवलं ते परत येऊ शकतं, असं त्या लेखकाला वाटत होतं. पण मग आईच्या बोलण्याने मला दिसायला लागलं की मी त्या गोष्टीत पाद्री नव्हते, ती बाईही नव्हते. मी दाराशी उभी असलेली तिची माणसं होते, ज्यांना एकच हवं होतं, की शेजाऱ्यांना काही ऐकू जाऊ नये.

शेवटचं प्रकरण आम्ही एका बुधवारी घेतलं. पाद्री देवाच्या नावाने आज्ञा करतो, सैतान निघून जातो, खिडक्या आपटतात, वगैरे. सकाळ होते. बाई डोळे उघडते. नवरा विचारतो, तुला कसं वाटतंय. आई त्याच चालीत वाचत होती. "तिने सगळ्यांकडे पाहिले, पूर्णविराम. तिला काहीच आठवत नव्हते, पूर्णविराम."

आणि ती थांबली. मला वाटलं पान उलटतेय.

"खोटं हाय," आई म्हणाली.

मी सवयीने ते वाक्य प्रुफात शोधलं. नव्हतं.

"काय खोटं?"

"आठवत न्हवतं म्हनं. सगळं आठवतं."

मी पेन खाली ठेवलं. माझ्या तोंडून जे पहिलं निघालं ते वाईट होतं. मी म्हटलं, "म्हणजे ते सोंग होतं?"

आईने चष्म्यावरून माझ्याकडे असं बघितलं की मी लहान झाले. "सोंग कशाला करू? मला काय नाटकात काम करायचं हुतं? ती बोलायची. मी ऐकायची. आतमंदी बसून ऐकायची. कानानं ऐकल्यालं आठवत न्हाय व्हय मानसाला?"

"मग दरवेळी काय बोलले, काय बोलले म्हणून विचारायचीस ती?"

"तुज्या बापाच्या तोंडून ऐकायला बरं वाटायचं," आई म्हणाली. "माझं झाड दमलंय, असं त्यो म्हनायचा. आठवड्यातनं एकदा."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं, तिचा पीं पीं आवाज येत होता. मी तो थांबायची वाट बघितली. तो थांबला. आता मला विचारायलाच हवं होतं.

"त्या दिवशीचं पण ऐकलंस? मी बोलले ते?"

"ऐकलं की."

तिने कागद नीट जुळवले, कडा टेबलावर आपटून सारख्या केल्या. मी रडत होते आणि मला ते थांबवता येत नव्हतं. छप्पन्न वर्षांची बाई. मी म्हटलं, "मग इतक्या वर्षांत मला कधी काही म्हणाली का नाहीस?"

"काय म्हनू? तू तिला म्हनालीस. मला कुठं म्हनालीस?"

हे तिने अगदी साधं सांगितलं, हिशेब चुकलेल्या दुकानदाराला सांगावं तसं. ज्या आडोशामागे मी सदतीस वर्षं लपले होते, तो तिला माहीत होता. तिनेच तो माझ्यासाठी धरून ठेवला होता. त्या दिवशी "काय बोलले मी" हे तिने विचारलं, ते मला वाचवायला विचारलं होतं. वडिलांनी नाही, तिने मला वाचवलं होतं.

मी उठून तिच्या खुर्चीजवळ खाली बसले. माफी मागावी तर कुणाची, हे समजत नव्हतं. मग जे खरं होतं तेच म्हटलं.

"मला तिची फार आठवण येते गं."

आईने चष्मा काढला, पदराने पुसला, परत डोळ्यांवर ठेवला नाही.

"आन् मला येत न्हाय व्हय?"